पत्ते वाटणारे दोघे

मेट्रनबाईंचा फोन आला तेव्हा ठकी एका दातांच्या दवाखान्यात, टेबलाखाली पालथी पडून केबल ओढत होती.

"आधी एक सांगते," पलीकडून मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमच्या बाबांना काहीही झालेलं नाही."

ज्यांची आईवडील मंडळी आपल्याकडे राहतात त्यांच्याशी बोलायला हीच सुरुवात बरी, हे मेट्रनबाईंना अनुभवाने ठाऊक होतं. पूर्वी त्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. तिथून निवृत्त होऊन ज्येष्ठांचं हे निवास चालवायला घेतलं त्यालाही बरीच वर्षं लोटली, पण नावाला चिकटलेली मेट्रन काही सुटली नाही. ठकीचंही तेच. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, आणि पन्नाशीला टेकलेल्या, शहरातल्या निम्म्या दवाखान्यांची नि शाळांची नेटवर्कं बसवणाऱ्या बाईला ते शोभलंही असतं. पण बाबांना इथे सोडायला आली त्या दिवशी त्यांनी भर अंगणात "ठकी, माझा चष्मा राहिला गाडीत" अशी हाक मारली आणि त्या क्षणापासून निवासाच्या दोन्ही इमारतींसाठी ती ठकीताई झाली.

"मग कुणाला झालंय?" टेबलाखालूनच ठकीने विचारलं.

"आमच्या वायफायला. आणि त्यापायी काल वकीलकाकांना."

वकीलकाका अंघोळीनंतर स्टुलावर बसले आणि गुडघ्यांनी ऐनवेळी असहकार पुकारला. प्रत्येक न्हाणीघरात घंटेचं बटण होतं. दाबलं की वायफायवरून नर्सच्या हातातल्या टॅबवर खोलीचा नंबर उमटायचा. काकांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. टॅब ढिम्म. शेवटी त्यांनी कोर्टातला जुना आवाज बाहेर काढला आणि टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत एका काल्पनिक न्यायमूर्तींपुढे आपली बाजू मांडायला सुरुवात केली. कपडे धुणाऱ्या बाईंनी तो युक्तिवाद ऐकला म्हणून सुटका झाली.

"लागलं नाही ना त्यांना?"

"लागलं नाही, पण पुढच्या खेपेला लागेल. महिनाभर असं चाललंय. कधी या खोलीची घंटा मुकी, कधी त्या खोलीची. फोनवर वायफाय जोडलेलं दिसतं आणि आत काही चालत नाही. तुम्ही येता का?"

ठकीने जरा मागेपुढे पाहिलं. घरच्या माणसाचं काम करू नये, असा तिचा एक कडक नियम होता. घरच्या माणसाचं काम कधी संपत नाही आणि बिघडलं तर जेवताना ऐकावं लागतं. पण मुकी घंटा बाबांच्या खोलीतही असू शकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पोचली.

जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत, झाडू आणि वाफेच्या इस्त्रीच्या शेजारी, निवासाचं सगळं नेटवर्क एका लोखंडी कपाटात नांदत होतं. ठकीने लॅपटॉप जोडला, थोडा वेळ पाहिलं आणि तिला दुखणं सापडल्यासारखं वाटलं. एकेकाळी कुणीतरी बसवलेला एक जुना डबा सगळ्या यंत्रांना पत्ते वाटत होता. त्याच्याकडे वाटायला पत्ते होते मोजकेच.

"मला कळेल असं सांगा," मेट्रनबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "उद्या विश्वस्तांना मला सांगायचंय."

"तुमच्याकडे नवा माणूस राहायला आला की खोलीचा नंबर कोण ठरवतं?"

"मी."

"फोन, टॅब, टीव्ही, घंटा, जे काही वायफायला जोडलं जातं त्याला असाच एक नंबर लागतो. त्याशिवाय त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. तो नंबर देण्याचं काम या डब्याचं. डीएचसीपी म्हणतात त्याला. आता याच्याकडे खोल्या कमी आणि दर रविवारी भेटायला येणारी नातवंडं खंडीभर. प्रत्येकाच्या फोनला हा एक खोली देतो आणि पोरं निघून गेली तरी आठवडाभर ती त्यांच्याच नावावर अडकवून ठेवतो. मग तुमच्या घंटेला जागा कुठून मिळणार?"

"नातवंडं येऊन गेली की फ्रिजचंही असंच होतं," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना नीट समजलं होतं.

ठकीने जुना डबा काढला आणि सोबत आणलेला छोटा सर्व्हर कपाटात बसवला. पत्त्यांची रांग चांगली ऐसपैस ठेवली. पाहुण्यांच्या फोनला पत्ता द्यायचा तो फक्त काही तासांपुरता, म्हणजे पाहुणा गेला की जागा मोकळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घंटा. प्रत्येक घंटेसाठी तिने एकेक पत्ता कायमचा राखून ठेवला. तो दुसऱ्या कुणाला द्यायचाच नाही, अशी सर्व्हरला ताकीद. हे काम किचकट होतं, कारण प्रत्येक घंटेच्या पाठीवरचा बारीक ओळख क्रमांक वाचायला न्हाणीघरा-न्हाणीघरांतून फिरावं लागलं. पण त्या निमित्ताने ठकीचं सगळ्यांकडे जाणं झालं आणि प्रत्येक खोलीत तिला काही ना काही खावं लागलं.

बाबा सबंध वेळ तिच्या मागे मागे होते. त्यांनी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. तारा, खटके, भोकं दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. लेकीचं काम बघताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू सर्व्हर त्यांनीच जन्माला घातला. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आमची ठकी. घंटांना कायमचे पत्ते देतेय." फक्त त्यांच्या खोलीची पाळी आली तेव्हा ते पुढे धावले आणि घंटेचा क्रमांक स्वतःच वाचून, कागदावर उतरवून दारातच तिच्या हातात ठेवला.

"आत येऊ द्या की," ठकी म्हणाली.

"पसारा आहे. तुझा वेळ जाईल."

बाबांच्या खोलीत पसारा नवा नव्हता. ठकीने ते मनावर घेतलं नाही. संध्याकाळच्या आत सगळं मार्गी लागलं, घंटा वाजू लागल्या, मेट्रनबाईंनी तिला गाडीपर्यंत सोडलं. ठकी शीळ घालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओठाला लावते न लावते तोच फोन.

"तुमच्या बाबांना काही झालेलं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. आवाजातला गोडवा मात्र कमी झाला होता.

"घंटा?"

"पूर्वेच्या इमारतीतल्या पाच मुक्या झाल्यात. काल चालू होत्या. विश्वस्त यायचेत."

ठकीला कामात अपयश येत नसे असं नाही, पण ते असं रातोरात आणि बाबांच्या सगळ्या मित्रमंडळींसमोर येत नसे. ती गेली ती थेट जिन्याखाली. सर्व्हर आपला शहाण्यासारखा चालू होता. राखून ठेवलेले पत्ते जिथल्या तिथे होते. मग त्या पाच घंटांना झालंय काय? तिने लॅपटॉप उचलला, पूर्वेच्या इमारतीच्या व्हरांड्यात गेली, तिथल्या भिंतीतल्या सॉकेटला केबल लावली आणि लॅपटॉपला नव्याने पत्ता मागायला लावला.

पत्ता आला. पण तो तिच्या सर्व्हरने दिलेला नव्हता.

हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. एका घरात दोन कारभारी. यंत्र नवं जोडलं गेलं, किंवा तुटून परत जोडलं गेलं, की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, 'मला पत्ता कोण देतं?' जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता ते घेतं. या इमारतीत तिच्या सर्व्हरशिवाय आणखी कुणीतरी उत्तर देत होतं, आणि त्याच्या पत्त्यावर गेलेलं यंत्र भलत्याच गल्लीत जाऊन बसत होतं. कुणीतरी आपल्या घरचा राउटर आणून चुकीच्या भोकात जोडला असणार. तो कोणाचा हे शोधायचं म्हणजे आता खोली-खोलीत जाऊन केबली उपटत बसणं आलं.

तिने पडद्यावरचा पत्ता पुन्हा एकदा नीट वाचला आणि ती जागच्या जागी थबकली. चार आकड्यांतला तिसरा आकडा होता एकाहत्तर.

राउटर दुकानातून येतो तेव्हा त्या जागी शून्य नाहीतर एक असतो. लोक तो बदलायच्या भानगडीत पडत नाहीत. तिथे एकाहत्तर घालणारी माणसं जगात फार नसावीत, आणि त्यातली एक तर ठकीच होती. आईबाबांच्या घरी पहिला राउटर तिने बसवला तेव्हा लक्षात राहावा म्हणून तिथे घराचा नंबर घातला होता. घर नंबर एकाहत्तर. फाटकावर तो आकडा आईने स्वतःच्या हाताने निळ्या रंगात रंगवला होता आणि साताची शेपटी जरा लांबल्यामुळे पोस्टमन दर वेळी चेष्टा करायचा. आई गेली, घर विकलं, बाबा इथे आले. राउटर कुठल्या खोक्यात गेला हे विचारायचंही ठकीला सुचलं नव्हतं.

ती बाबांच्या खोलीकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं, आत कुणी नव्हतं. पसाराही नव्हता. खोली इतकी नीटनेटकी की ठकीला क्षणभर वाटलं आपण दुसऱ्याच दारात आलो. बाबांचे मोजे घडी करून ठेवलेले तिने आयुष्यात पाहिले नव्हते. कपाटाच्या आड, भिंतीतल्या सॉकेटपाशी, जुना राउटर हिरवे दिवे मिचकावत बसला होता. त्यातून निघालेली एक केबल भिंतीच्या कडेकडेने, सुबक खिळे मारून, बाल्कनीत गेली होती. ठकी तिच्या मागे गेली. केबल कुंड्यांच्या मागून, कठड्याला बांधत बांधत, शेजारच्या बाल्कनीत शिरली होती. बांधायला वापरलेल्या मेणदोऱ्याच्या गाठी बाबांच्या होत्या. एक्स्चेंजमधली गाठ, अशी गाठ दुसरं कुणी मारत नाही.

शेजारच्या खोलीत रेडिओबाई राहायच्या. एकेकाळी त्या रेडिओवर बातम्या सांगायच्या. त्यांचा आवाज ऐकत एक पिढी सकाळी दाढी करायची. ठकीची त्यांच्याशी ओळख होती ती जेवणघरात नमस्कार करण्यापुरती. तिने दारावर टकटक केली आणि उत्तराची वाट न पाहता आत पाऊल टाकलं.

रेडिओबाई टेबलाशी बसून, समोरच्या मायक्रोफोनमध्ये एक कादंबरी वाचत होत्या. शेजारच्या खुर्चीत बाबा लॅपटॉपवर लक्ष ठेवून बसले होते. ठकी दिसताच त्यांचे डोळे मोठे झाले, पण हात सवयीने ओठांवर गेला. चालू आहे, बोलू नकोस.

झालं. ठकीला तोंड दाबून उभं राहावं लागलं. कादंबरीत एका बोटीवर एक माणूस चुकून दुसऱ्याच्या ट्रंकेसह उतरला होता आणि त्या ट्रंकेत काय आहे हे काही केल्या उघडकीला येत नव्हतं. ठकी रागाने धुमसत ऐकत होती, आणि थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं की आपण ट्रंकेचं काय झालं त्याची वाट बघतोय. याचा तिला आणखीनच राग आला. एकदाचं प्रकरण संपलं. रेडिओबाईंनी श्रोत्यांचा निरोप घेतला आणि एक कळ दाबली.

"बस ना," त्या म्हणाल्या. "नजर गेलेले काही जुने श्रोते आहेत माझे. त्यांच्यासाठी रोज वाचते. तुझे बाबा तांत्रिक बाजू बघतात."

"ती दिसली मला," ठकी म्हणाली आणि बाबांकडे वळली. "तो राउटर तुम्ही लावलात?"

"तुझाच आहे की. इथे वायफाय कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, यांचं वाचन मधेच तुटायचं. म्हटलं, आपल्याकडे राउटर पडलाय, एक तार टाकू."

"भिंतीतली केबल कुठल्या भोकात घातलीत? निळ्या की पिवळ्या?"

"पिवळ्या. निळ्याची खुंटी मोडलीय, तार सारखी निसटते."

"बाबा, निळं भोक बाहेरून आलेल्या तारेसाठी. पिवळ्यात घातलीत म्हणून तो सगळ्या इमारतीला आपलं घर समजतोय. जो मागेल त्याला पत्ते वाटतोय. घंटांनासुद्धा."

बाबांनी आधी नुसतीच मान हलवली. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्हणजे वकिलाची घंटा..."

"हो."

एक्स्चेंजमध्ये असताना, कुणाची लाइन बंद पडली की बाबांना जेवण गोड लागायचं नाही. वादळात खांब पडले की ते तीन-तीन दिवस घरी फिरकायचे नाहीत. ते उठले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मी वकिलाकडे जाऊन येतो," म्हणाले आणि निघूनही गेले. दोघी बायका एकमेकींसमोर राहिल्या.

"मी किती वेळा म्हटलं त्यांना, मुलीला सांगा," रेडिओबाई म्हणाल्या. बातम्यांमधला आवाज आता अगदी घरगुती झाला होता.

"किती दिवस झाले?"

"तारेला महिना झाला. बाकीचं विचारत असशील तर त्याला जास्त."

बाबांच्या घडी केलेल्या मोज्यांचा उलगडा ठकीला झाला. "मी जरा खाली जाते," एवढंच ती म्हणाली.

अंगणातल्या बाकावर ती बसून राहिली. काम पडलं होतं, राउटर अजून वर दिवे मिचकावत होता, आणि तरी तिला उठवेना. बाबांनी कुणाशी मैत्री केली याचं तिला काही नव्हतं. निदान तसं ती स्वतःला बजावत होती. पण दर रविवारी ती येत होती, दोन-दोन तास बसत होती, आणि बाबांनी चकार शब्द काढला नव्हता. आपण परक्या झालो का?

मेट्रनबाई दोन कप घेऊन आल्या, एक तिच्या हातात दिला आणि शेजारी बसल्या. "सापडलं?"

"सापडलं. दुसरा पत्ते वाटणारा आमच्याच घरचा निघाला." तिने सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. मुकी घंटा ही काही थट्टेची गोष्ट नव्हती. "तुमच्या नियमात काय बसेल ते करा."

"नियमाप्रमाणे परवानगीवाचून लावलेलं यंत्र जप्त. ते तुम्ही करा. आणि तुमच्या बाबांना मी नंतर चांगलंच फैलावर घेणार आहे, त्यात तुम्ही पडू नका." मेट्रनबाईंनी घोट घेतला. "पण रेडिओबाईंचं तुम्हाला आज कळतंय? मला वाटलं तुम्हाला पहिल्यापासून माहीत असेल. इथे तर माळ्यापासून सगळ्यांना माहीत आहे. हे जमणार अशी वकीलकाकांनी पैज लावली होती, गेल्या उन्हाळ्यातच."

म्हणजे गावभर झालं होतं, फक्त घरी खबर नव्हती. ठकीला हसू आलं ते रागाच्या आतूनच, आणि मग राग नीट धरून ठेवणं जमेना.

बाबा वकीलकाकांकडून परतले ते थोडे ताठ होऊन. मेट्रनबाई उठून गेल्या, बाबा त्यांच्या जागी बसले.

"काय म्हणाले काका?"

"गुन्हा कबूल आहे का विचारलं. म्हटलं, आहे. मग शिक्षा सुनावली. रोज त्याच्याशी बुद्धिबळ खेळायचं. तो फार रडीचा डाव खेळतो, ठकी. जन्मठेप आहे ही."

पलीकडे माळी पाइप ओढत होता.

"मला का नाही सांगितलंत?"

बाबांनी हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "दर रविवारी तू यायचीस आणि आईच्या गोष्टी काढायचीस. फाटकावरचा सात, तिचं गाडी शिकणं, तो करपलेला केक. मला वाटायचं, पोरीला आईशिवाय करमत नाही. त्यात हे मधेच कसं घुसवायचं?"

ठकीने हातातला कप बाकावर ठेवला. "बाबा, मी तुमच्यासाठी काढायचे त्या गोष्टी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. येताना गाडीत आठवून आठवून यायचे, आज कुठली सांगायची. करपलेला केक चार वेळा झाला."

"पाच," बाबा म्हणाले.

मग मात्र दोघांनाही हसू आवरेना. तीन वर्षं एकमेकांची समजूत घालत दोघं बसले होते, आणि दोघांनाही अधूनमधून दुसरं काही बोलायचं होतं. ठकीने डोळे पुसले. आई असती तर तिने दोघांनाही वेड्यात काढलं असतं, असं तिला वाटलं, पण ते ती बोलली नाही. आज गोष्ट बाबांची होती.

"मग आता बेत काय आहे?" तिने विचारलं.

"पश्चिमेची कोपऱ्यातली मोठी खोली रिकामी होतेय. पण ती फक्त जोडप्यांना देतात. तेव्हा लोकांना सांगायचं असं ठरलंय की खोलीसाठी लग्न करतोय."

"आणि खरं काय?"

बाबांनी वर बाल्कनीकडे पाहिलं. रेडिओबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, आणि आपलं इकडे लक्ष नाही हे दाखवण्याच्या नादात एकाच कुंडीत घालत होत्या. "खरं म्हणजे, ती वाचत असते तेव्हा मला ऐकत राहावंसं वाटतं," बाबा म्हणाले. "या वयात एवढं पुरे झालं."

ठकी उठली. "चला. आधी घंटा."

कामाला तिला हात देणारं माणूस बाबांहून चांगलं मिळालं नसतं. जुन्या राउटरमध्ये शिरून तिने त्याचं पत्ते वाटणं बंद केलं. तिथे एक साधा खटका असतो, तो पाडला की झालं. आता तो फक्त वायफाय पुढे पोचवणार होता, म्हणजे रेडिओबाईंचं वाचन तुटणार नव्हतं आणि घंटांना कुणी भलत्या गल्लीत नेणार नव्हतं. त्याला स्वतःलाही तिने आपल्या सर्व्हरकडून एक पत्ता राखून दिला. एकाहत्तर हा आकडा पुसताना तिचा हात किंचित अडला. मग तिने विचार केला, पत्ता तर शेवटी बदलायचाच असतो, आणि पुसून टाकला. जिन्याखालच्या कपाटात सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या स्विच नावाच्या डब्यावर तिने आणखी एक बंदोबस्त केला. पुढे कुणी दुसरा राउटर आणून जोडलाच तर त्याचं उत्तर तिथेच अडवलं जाईल. इथली मंडळी निवृत्त असली तरी त्यांचे हात स्वस्थ नव्हते.

पाच मुक्या घंटांना पत्ते नव्याने मागायला लावले. पाचही आपापल्या राखीव जागेवर मुकाट येऊन बसल्या.

"आता चाचणी," मेट्रनबाई म्हणाल्या. "विश्वस्त जेवणानंतर येतायत. त्याआधी मला प्रत्येक घंटा वाजलेली ऐकायची आहे."

ठकीचा विचार होता खोली-खोलीत जाऊन तपासायचा. पण रेडिओबाईंनी मायक्रोफोन मागितला. निवासाच्या लाउडस्पीकरवरून, ज्यावरून एरवी फक्त जेवणाची वेळ सांगितली जायची, तो एका पिढीच्या ओळखीचा आवाज दोन्ही इमारतींवर पसरला. "नमस्कार. थोड्याच वेळात घंटांची चाचणी होईल. सर्वांनी आपापल्या न्हाणीघरात जाऊन, सावकाश, कठडा धरून उभं राहावं. माझा इशारा होताच बटण एकदा दाबावं. वकीलसाहेबांनी फक्त बटण दाबावं, भाषण करू नये."

इशारा झाला. नर्सच्या हातातला टॅब थरथरला आणि मग वाजतच सुटला. खोल्यांचे नंबर एकाखाली एक पडू लागले, पूर्वेचे, पश्चिमेचे, तळमजल्याचे. ठकी नर्सच्या खांद्यावरून बघत एकेकावर खूण करत होती. सगळ्या आल्या. एकही राहिली नाही. 'एकदा दाबावं' ही सूचना मात्र कुणी मनावर घेतली नाही. इतके दिवस मुकी असलेली घंटा बोलते आहे म्हटल्यावर लोकांना दाबल्याशिवाय राहवेना, आणि नर्सने शेवटी टॅब उशीखाली ठेवला. वकीलकाकांच्या खोलीचा नंबर सगळ्यात जास्त वेळा आला.

जेवणघरात गलका उसळला तेव्हा ठकीने बाजूला जाऊन परदेशातल्या दादाला फोन लावला. तिकडे तो कामावर निघायच्या घाईत होता.

"बाबांना काही झालेलं नाही," तिने सुरुवात केली आणि मेट्रनबाईंची सवय आपल्याला लागली म्हणून स्वतःशीच हसली. "बाबा लग्न करतायत."

तिकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. "वायफाय गेलं का तुझं?" दादाने विचारलं.

"वायफाय आत्ताच दुरुस्त केलंय. तुला ऐकू आलं तेच म्हणाले मी."

"कुणाशी?"

"थांब, त्यांनाच देते."

तिने फोन बाबांपुढे धरला. बाबांनी तो घेतला, कानाला लावला, "दादा का? हो, हो, बरा आहे, थांब, आधी हिच्याशी बोल," असं म्हणून तो अलगद रेडिओबाईंच्या हातात दिला आणि सटकले. रेडिओबाईंनी घसा साफ केला, बातम्या सुरू करायच्या आधी करायच्या तसा.

ठकी बाबांना शोधत बाहेर आली. ते जिन्याखालच्या खोलीत, हातात टॉर्च घेऊन, लोखंडी कपाटासमोर वाकले होते.

"ठकी, या खालच्या भोकात काहीच लावलेलं नाही," ते म्हणाले. "हे कशासाठी असतं?"

"बाबा, हात लावू नका."

"लावत नाही. नुसतं विचारतोय."

ती त्यांच्या शेजारी झाडूच्या बादलीवर बसली आणि समजावून सांगू लागली.